दरवानाचा कोट

पेत्रोग्रादमध्ये दरवानाइतक्या शिव्या दुसरं कोणी खात नसेल, आणि माझा नवरा दरवान होता. सकाळी उठून फुटपाथवरचा बर्फ त्याने फोडायचा, जळणाची लाकडं पाच मजले त्याने चढवायची, उशिरा येणाऱ्या भाडेकरूला फाटक त्याने उघडायचं. आणि शिवाय पोलीस चौकीत जाऊन कोणाकडे कोण आलं, कोण मुक्कामाला राहिलं, हे फौजदाराच्या कानात त्यानेच सांगायचं. हे शेवटचं काम कायद्यानेच त्याच्या गळ्यात बांधलेलं. नाही सांगितलं तर छातीवरचा पितळी बिल्ला काढून घेणार, आणि आम्ही तळघरातून थेट रस्त्यावर. पण भाडेकरूंना हे कोण समजावणार? त्यांच्या लेखी सोफ्रोन म्हणजे पोलिसांचं कुत्रं. सणाला बक्षिसी देतानासुद्धा त्याच्या हाताला आपलं बोट लागू नये म्हणून जपायचे.

मी त्याची बायको, फेवरोन्या. माझी जीभ तिखट आहे, ते आधीच सांगून ठेवते. सोफ्रोन माझ्या अगदी उलट. एवढा आडदांड गडी, पण साहेबी आवाज कानावर पडला की टोपी आपोआप हातात यायची. वाईट नव्हता हो. भित्रा होता. गरिबाला दोन्ही एकाच भावात पडतात.

तिसऱ्या मजल्यावर लीदिया अर्काद्येव्ना राहायची. मुलींना पियानो शिकवायची. तिचा एकुलता मुलगा ग्लेब विद्यापीठात होता. त्याच्या खोलीवर पोरं जमायची, झारच्या विरुद्ध पत्रकं छापायची. सोफ्रोनने ते चौकीत सांगितलं. फौजदार कपितोन लुकिच स्वतः आला आणि पोराला बखोटीला धरून जिन्यावरून खाली घेऊन गेला. सैबेरियात गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात पोरगं तापाने गेलं. त्यानंतर सोफ्रोन तिसऱ्या मजल्यावर सगळ्यात आधी लाकडं टाकायचा आणि पैसे घ्यायचा नाही. लीदिया अर्काद्येव्ना त्याच्याशी एक शब्द बोलत नसे. मी एकदा म्हटलं, "लाकडांनी पोर परत येतं का रे?" तो बाहेर जाऊन बर्फ फोडत बसला.

मग तो फेब्रुवारी आला. पावाच्या रांगेत उभ्या राहून राहून बायकांच्या पायांची लाकडं झाली होती. एके दिवशी दुकानदाराने फळी ओढली, "पाव संपला" म्हणाला, आणि बायकांनी ती फळीच उखडली. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. गिरण्या बंद पडल्या, माणसं नदीच्या बर्फावरून चालत शहरात शिरली. आधी शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या सकाळी त्याच शिपायांनी आपल्या कप्तानावर झाडल्या आणि रस्त्यावर लोकांना येऊन मिळाले. तीनशे वर्षांची झारशाही, असं पाद्री सांगायचे. आमच्या डोळ्यांदेखत ती कुजक्या जिन्यासारखी बसली.

सोफ्रोनने फाटकाला आतून अडसर घातला आणि आम्ही तळघरात बसून राहिलो. बाहेरची बातमी म्हणाल तर धुराचा वास. चौकी जळत होती.

आणि लाकडांच्या वखारीतून, मागच्या फटीतून, कपितोन लुकिच आमच्या दारात उभा राहिला. डोक्यावर टोपी नाही, तलवार नाही, एका कानातून रक्त.

"दार लाव," तो म्हणाला. घाबरलेला होता, पण आवाज साहेबाचाच.

सोफ्रोनने दार लावलं. टोपी हातात घेतली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे.

मी नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं. "हाकल याला. इथे सापडला तर याच्याबरोबर तुलाही भिंतीला लावतील."

"कसा हाकलू, फेन्या? फौजदार आहे."

"काल होता. आज नुसतं मढं आहे, फक्त चालतंय."

"मला ऐकू येतंय," कपितोन लुकिच म्हणाला. तो आमच्या खाटेवर बसून माझा उकडलेला बटाटा खात होता. "नीट ऐका. झारची फौज आघाडीवरून निघालीय. दोन दिवसांत हे सगळं झाडून काढतील. मग मी बसेन आणि आठवेन, कोणी मला पाणी दिलं आणि कोणी नाही."

सोफ्रोन माझ्याकडे बघेना. त्यानेच वस्तरा काढला आणि साहेबाच्या मिशा उतरवल्या. त्या मिशांना हा माणूस मेण लावायचा; त्या गेल्यावर आत एक साधं, पांढरंफटक, कोणाचंही असू शकेल असं तोंड निघालं. मग तो सोफ्रोनचा कोट मागायला लागला. मेंढीच्या कातड्याचा होता तो. आतलं अस्तर काखेत फाटलं होतं, तिथे मी माझ्या निळ्या घागऱ्याचा तुकडा लावला होता. दरवानाची सगळी अब्रू त्या कोटात असते. सोफ्रोनने काढून दिला.

"आता वर जा," कपितोन लुकिच म्हणाला. "छपरावर. फावडं घे, बर्फ काढतोयस असं दाखव आणि रस्त्यावर नजर ठेव. कोणी येताना दिसलं की फावडं पत्र्यावर आपट. मी वखारीतून निघून जाईन."

"नको जाऊ," मी म्हटलं.

"बर्फ तसाही काढायचाच आहे," सोफ्रोन म्हणाला. "पाचव्या मजल्याचं छत गळतंय."

"कोटाशिवाय गारठून मरशील."

तेव्हा कपितोन लुकिचने आपला काळा पोलिसी कोट त्याच्या अंगावर फेकला. "हा घाल. बटणं तोडून टाक, बिल्ले काढ. कापड उत्तम आहे."

त्याने हे मुद्दाम केलं का? देव जाणे. मला विचाराल तर केलं. कारण शहरभर काय बोललं जात होतं ते त्याला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं: पोलीस छपरांवर चढलेत, धुराड्यांआडून मशीनगनने लोकांना मारताहेत. कुठे एखाददुसरा असेलही. पण लोकांना आता प्रत्येक धुराड्यामागे पोलीस दिसत होता.

सोफ्रोन गेला. जाताना मला म्हणाला, "बटाटे झाकून ठेव, थंड होतील." आमच्यातलं हे शेवटचं बोलणं. याहून बरं काही सुचलं असतं, पण त्याला कुठे ठाऊक होतं.

लॉरी इतक्या वेगाने गल्लीत वळली की फावडं आपटायला वेळच मिळाला नसेल. किंवा त्याने आपटलं असेल. लॉरीतले सगळे गात होते, ऐकू कसं येणार? त्यांनी फाटक लॉरीच्या नाकाडानेच फोडलं. मी घराच्या आतल्या चौकात धावले. कपितोन लुकिच वखारीच्या निम्म्या वाटेवर सापडला. पाच-सात शिपाई होते, छातीवर लाल फिती, आणि त्यांच्याबरोबर एक तंबाखूच्या कारखान्यातली पोरगी, डोक्यावर शिपायाची टोपी, कमरेला कोणा अधिकाऱ्याची तलवार. तलवार तिच्या घोट्यांवर आपटत होती. आमच्या भागातलं कोणी नव्हतं. सगळे नदीपलीकडचे.

"कोण रे तू?" एका कान बांधलेल्या शिपायाने कपितोन लुकिचला विचारलं. "कुठे निघालास?"

त्या माणसाने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. हात वर केला.

"मला काय विचारता, कॉम्रेड? तो बघा वर. पोलीस. मशीनगन आहे त्याच्याकडे."

सगळ्यांनी वर पाहिलं. कमरेचा दोर धुराड्याला बांधून, काळा कोट घातलेला एक माणूस उभा होता. हातात लांब दांडा.

"तो माझा नवरा आहे," मी ओरडले. "फावडं आहे ते."

बंदुका माझ्या आवाजापेक्षा मोठ्या होत्या. सोफ्रोन गुडघ्यांवर बसला, मग पालथा झाला, घसरला आणि दोरावर छपराच्या कडेला लटकत राहिला. लाकडी फावडं खाली येऊन माझ्या पुढ्यात पडलं. ते कोणी बघितलं नाही. शिपायांनी टोप्या उडवल्या. एकाने वर जाऊन दोर कापला आणि माझा सोफ्रोन पाच मजले खाली आला.

मी कपितोन लुकिचच्या अंगावर गेले. नखांनी त्याचं तोंड ओरबाडलं. "हा पोलीस आहे. हा फौजदार. आज सकाळी मिशा काढल्यात याने. मेलाय तो माझा नवरा आहे, या घराचा दरवान."

शिपायाने आधी सोफ्रोनकडे पाहिलं. काळा पोलिसी कोट, बटणं तोडलेली. मग माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं फिरलंय, असं त्याला वाटलं असणार.

"मावशी, त्याच्या अंगावर तर पोलिसाचा कोट आहे."

"आणि याच्या अंगावर माझ्या नवऱ्याचा आहे. डाव्या काखेत बघा, अस्तराला निळा तुकडा आहे. माझ्या घागऱ्याचा. हा बघा घागरा."

पुरावा म्हणून मी हे सांगितलं. मला वाटलं, आता सुटणार नाही मेला. शिपायाने कोट उलटा केला. निळा तुकडा होता. त्याने माझा घागरा पाहिला. तोच निळा. मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"म्हणजे कोट दरवानाचा, तुकडा दरवानाच्या बायकोचा. आणि आत कोण? दरवानच की."

"बरोबर बोललात, कॉम्रेड," कपितोन लुकिच म्हणाला. इतकं गोड त्याला बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. "सोफ्रोन माझं नाव. ही माझी बायको. काल जरा हात उगारला मी तिच्यावर, तेव्हापासून डोक्यात राख घालून बसलीय. आज मला पोलीस म्हणते, उद्या झार म्हणेल."

सगळे खदखदून हसले. घरोघरी मातीच्या चुली, असं वाटलं असेल त्यांना. मी पुन्हा पुन्हा सांगत होते, सोफ्रोनकडे बोट दाखवत होते, आणि जितकं सांगत होते तितकं ते हसत होते.

पोरगी पुढे आली. तिच्या तोंडाला दारूचा वास येत होता आणि डोळ्यांत खरा आनंद होता. तिचा मला राग येत नाही. वीस वर्षांची असेल नसेल. ती म्हणाली, "आज भांडायचं नाही, काकू. आज ईस्टर आहे असं समजा. रस्त्यावर बघा, अनोळखी माणसं एकमेकांचे मुके घेताहेत. चला, तीनदा. गोड करा."

"गोड करा," बाकीचे ओरडले.

त्यांनी मला ढकललं. कपितोन लुकिचने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आमच्याकडे ईस्टरला घेतात तसे मुके घेतले, डाव्या गालाचा, उजव्या गालाचा, पुन्हा डाव्या. मला त्याच्या खांद्यावरून सोफ्रोन दिसत होता. त्याचा एक नमद्याचा बूट निघाला होता आणि मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो मोजा मी शिवायचा ठेवला होता. तिसऱ्या मुक्याच्या वेळी कपितोन लुकिच माझ्या कानात पुटपुटला, "गप्प राहा. फौज आली की तुला दुसरं घर देईन, पेन्शन देईन. गप्प राहा."

त्या क्षणी माझं डोकं एकदम थंड झालं. रडणं थांबलं. मला कळलं की या लोकांना खरं सांगून उपयोग नाही. यांना तेच सांगायला हवं, जे यांच्या डोक्यात आधीपासून बसलेलं आहे.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बरं, हाच माझा नवरा. खोटं बोलले मी. दरवान आहे हा."

कपितोन लुकिचने माझा दंड दाबला, शाबासकी दिल्यासारखा.

"आता हा दरवान काय करायचा ते ऐका," मी म्हटलं. "दर आठवड्याला चौकीत जायचा. या घरात कोण आलं, कोण झोपलं, कोणी काय वाचलं, सगळं फौजदाराला सांगायचा. तिसऱ्या मजल्यावर ग्लेब नावाचं पोरगं होतं. विद्यार्थी. झारविरुद्ध पत्रकं छापायचं. त्याला यानेच धरून दिलं. सैबेरियात मेलं पोरगं."

पोरीच्या तोंडावरचं हसू गेलं.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सगळं सोफ्रोनने केलेलं. नऊ वर्षं मी ज्याच्यावर पांघरूण घातलं, भाडेकरूंशी ज्याच्यासाठी भांडले, ते त्याचं पाप मी परक्यांपुढे त्याच्याच मढ्याशेजारी उघडं केलं. खुन्याला मारायला दुसरं हत्यार माझ्यापाशी नव्हतं.

"खोटं आहे," कपितोन लुकिच ओरडला. "मी दरवान नाहीच. मी..." आणि तिथे तो थांबला. पुढे काय सांगणार होता? मी फौजदार आहे?

"तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं?" शिपायाने वर बघून हाक मारली. "खाली या."

पडद्यांआड सगळे होते. पाच मजल्यांतली झाडून सगळी शिकलेली माणसं, आणि प्रत्येकजण सोफ्रोनलाही ओळखत होता आणि कपितोन लुकिचलाही. एकही खिडकी उघडली नाही. फक्त लीदिया अर्काद्येव्ना खाली आली. शाल घट्ट आवळलेली. आधी तिने बर्फात पडलेल्या सोफ्रोनकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती कपितोन लुकिचपुढे येऊन उभी राहिली. मिशा काढल्या म्हणून काय झालं? याच माणसाने तिच्या पोराला बखोटीला धरून जिना उतरवला होता.

"बाई, तुमच्या मुलाला धरून देणारा दरवान तो हाच का?" शिपायाने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

"हाच," ती म्हणाली. आणि वर निघून गेली.

भिंतीला सोफ्रोनची पहार टेकवलेली होती, बर्फ फोडायची. शिपायांनी गोळी वाया घालवली नाही. पहिला घाव गुडघ्यांवर बसला. कपितोन लुकिच माझं नाव घेऊन ओरडत होता, "फेवरोन्या, सांग यांना, फेवरोन्या." मी हात बांधून उभी होते. त्याचं ओरडणं संपेपर्यंत मी हलले नाही. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती असं कोणी म्हणेल. म्हणो बापडे, मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. दोन शिपाई सोफ्रोनच्या पायांना दोर बांधू लागले. दुसरं टोक लॉरीच्या मागच्या कडीला.

"त्याला कुठे नेताय?" मी विचारलं.

"कालव्यावर. पोलीस सगळे तिथेच टाकतोय, बर्फातल्या भोकातून."

"त्याला ठेवा इथे. मी पुरते."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "पोलिसाला पुरणार, काकू? तो तुमचा कोण?"

काय सांगू? तो माझा कोणी नव्हता. माझा नवरा तिकडे पहारीशेजारी पडला होता, मीच तसं सांगितलं होतं, बाईने साक्ष दिली होती. मी म्हटलं, "माणूस आहे म्हणून."

"तुमचं मन फार मोठं आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "स्वतःच्या नवऱ्यालाही तुम्ही सोडलं नाहीत. अशा बायका हव्यात आता." तिने आपल्या छातीवरची लाल फीत काढून माझ्या शालीला टोचली. लॉरी सुरू झाली. सोफ्रोनचं डोकं फाटकाच्या उंबऱ्यावर आपटलं, मग ते गल्लीत वळले आणि पुन्हा गाणं सुरू झालं.

कपितोन लुकिच मला दिला. बायको म्हणून माझा हक्कच होता. मीच त्याला धुतला, आमच्या टेबलावर, सोफ्रोनचा धुतलेला सदरा घातला, कारण दरवानाची बायको नवऱ्याला उघडा पुरते हे बरं दिसत नाही. मित्रोफान कबरस्तानात नेलं. त्याच दिवशी झारने गादी सोडल्याची बातमी आली होती. आमचा म्हातारा पाद्री रोजच्या सवयीने झारच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हणायला लागला, अर्ध्यात अडकला आणि आमच्याकडे बघत राहिला, जणू आता कोणाचं नाव घ्यायचं ते आम्ही त्याला सांगणार होतो. मग त्याने विचारलं, "मयताचं नाव?"

"सोफ्रोन," मी म्हटलं. निदान नाव तरी त्याच्या वाट्याला आलं. क्रूसावरही तेच रंगवलंय.

भाडेकरू आता मला आदराने वागवतात. घराची कमिटी झालीय, मला तिच्यात घेतलंय. जिन्यात भेटले की आधी तेच नमस्कार करतात. खरं काय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर त्याबद्दल कोणी तोंड उघडलेलं नाही. लीदिया अर्काद्येव्ना मात्र जिन्यात मला पाहिलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

बर्फ वितळायला लागला तेव्हा कपितोन लुकिचची बायको आली. ग्लाफिरा. बारीकशी, भुऱ्या केसांची. इस्पितळं पालथी घातली, तुरुंग बघितले, कुठे पत्ता नाही; शेवटचा या गल्लीकडे पळताना कोणी पाहिलं होतं. "ताई, तुम्हाला काही ठाऊक आहे का? इथे छपरावर एका पोलिसाला मारलं म्हणतात. काळा कोट होता म्हणे."

"होता," मी म्हटलं.

"तेच असतील ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. मित्रोफान कबरस्तानात तिच्या माणसावर चांगला क्रूस आहे, माती आहे, पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलंय. एका वाक्यात तिला तिथे पोचवता आलं असतं.

"तेच," मी म्हटलं.

मी तिला घेऊन कालव्यावर गेले. लोकांनी जागा दाखवून ठेवली होती मला. काळं पाणी, वर तरंगणारे बर्फाचे तुकडे, काठावर रिकामी पिंपं. ग्लाफिरा तिथेच चिखलात गुडघ्यांवर बसली. आधी हळू रडत होती, आजूबाजूला बघत, पोलिसाची बायको आहे म्हणून कोणी मारेल या भीतीने.

"मोठ्याने रड," मी तिला म्हटलं. "मी उभी आहे, कोणी काही करणार नाही. माझ्या शालीवर फीत आहे."

मग तिने हंबरडा फोडला. खेड्यातल्या बायका रडतात तशी, त्याचे गुण सांगत, तो किती कष्टाळू होता, थंडीत किती उभा राहायचा, हे सगळं. ते सगळं सोफ्रोनलाही लागू होतं. मी तिच्या मागे उभी राहून ऐकत होते. मला तिथे रडता येत नाही. येणारे-जाणारे मला ओळखतात, आणि दरवानाच्या बायकोने एका पोलिसासाठी का रडावं, हे कोणीतरी विचारलंच असतं. ती थकली, उठायला लागली, तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा खाली बसवलं. "अजून थोडं," मी म्हटलं.